दुपारी कुणीच विसरत नाही

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर पेल्यात काढून ठेवलेली माझी कवळी सकाळी साखरेसारखी विरघळलेली सापडो. आणखी काय शपथ घालू? माझी नात म्हणते, आजीचं निम्मं खरं असतं. पोरगी हिशेबात कच्ची आहे. हे सगळंच्या सगळं खरं आहे.

तर थोरल्या जाऊबाई फळ्यासमोर उभ्या राहून बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"धाकटे, शिट्टी आज सकाळी कार्ड लावायला विसरला ना?"

"विसरला. तो रोजच विसरतो."

"काल सकाळी?"

"काल तो आणि लांब्या, दोघंही."

"आणि काल दुपारी?"

मी कोटांच्या घड्या घालत होते. म्हटलं, "दुपारचं काही ऐकलं नाही बाई."

"परवा दुपारी?"

"परवाही नाही."

"चौदा दिवस झाले यंत्र लावून," जाऊबाई म्हणाल्या. "सकाळी रोज कुणी ना कुणी विसरतं. दुपारी कुणीच विसरत नाही. खरं म्हणजे उलटं हवं. दुपारी घरी पळायची घाई असते. मग सकाळी विसरणारी माणसं जेवल्यावर एवढी शहाणी कशी होतात गं?"

मी म्हटलं, "पोट भरलं की डोकं चालतं."

"तुझं चालतं का?"

"माझं पोटच भरत नाही."

त्या हसल्या नाहीत. जाऊबाई माझ्या विनोदाला हसल्या नाहीत म्हणजे डोक्यात किडा शिरला असं समजायचं.

आता कुठला फळा आणि कुठलं यंत्र ते सांगते, नाहीतर तुम्ही मध्येच उठून जाल. आम्ही दोघी जावा फळांच्या थंड कोठारात कामाला होतो. बारा कोठ्या, एकेक कोठी दुमजली घराएवढी. मोसमात बागांमधून सफरचंदांच्या पेट्या यायच्या, माणसं त्या आत रचायची, आणि कोठी गच्च भरली की जाड दार लावून, कडा चिकटवून, आतला प्राणवायू काढून घ्यायचे. प्राणवायू गेला की सफरचंद झोपतं. सहा महिन्यांनी उठवा, काल तोडल्यासारखं करकरीत. पण सफरचंद झोपून उठतं, माणूस उठत नाही. म्हणून तिथे जाऊबाई होत्या.

थंडीचं विचारू नका. एकदा सहा नंबरच्या कोठीत शिट्टीला शिंक आली. शिंक तोंडातून निघाली ती हवेतच गोठली आणि टण् करून फरशीवर पडली. मी स्वतः उचलून खिडकीत ठेवली. दुपारी तिथं ऊन आलं, तेव्हा कुठे "हाऽऽक्छी" असा आवाज झाला, आणि साहेब जिना उतरत होते ते दचकून दोन पायऱ्या चुकले. माझं काम कोट द्यायचं आणि परत घ्यायचं. मी नसतं पाहिलं तर कुणी पाहिलं असतं?

जाऊबाईंचं काम बिल्ल्यांचं. भिंतीवर लाकडी फळा, त्यावर बारा रांगा, रांगांमध्ये खिळे. प्रत्येक कामगाराला नंबराचा पितळी बिल्ला. ज्या कोठीत जाल त्या रांगेत बिल्ला टांगायचा, बाहेर आलात की काढून खिशात टाकायचा. दार लावायचं काम कुलूपमामांकडे. ते दाराला हात घालायच्या आधी मान वळवून "बाई?" एवढंच विचारायचे. जाऊबाई रांगेवर नजर टाकून "रिकामी" म्हणायच्या. मग दार लागायचं. सत्तावीस वर्षं हेच.

एकदा नऊ नंबरच्या रांगेत एक बिल्ला लटकत राहिला. जाऊबाई "रिकामी" म्हणेनात. चार तास सगळ्यांनी कोठी उपसली. शेवटी तो माणूस त्याच्या घरी सापडला, अंगात ताप होता म्हणून बिल्ला तसाच सोडून गेला होता आणि पांघरूण घेऊन घोरत पडला होता. सगळे जाऊबाईंवर चिडले. त्या म्हणाल्या, "तो घरी आहे हे शोधलं म्हणून कळलं. न शोधता कळलं असतं तर मलाही आवडलं असतं."

आणि मग यंत्र आलं. कानामागून आली आणि तिखट झाली, त्यातला प्रकार. यंत्रात डोकं घातलं कुणी, तर जाऊबाईंच्या जावयानं. लेकीचं लग्न होऊन आठच महिने झाले होते. जावईबापू ज्या कंपनीत होते तिला हे काम मिळालं, आणि त्यांनी ते हौसेनं मागून घेतलं. सासू जिथे काम करते तिथे आपलं काम दिसावं. मुलगा चांगला होता, उगाच नावं ठेवणार नाही.

यंत्राची पद्धत अशी. आठ जणांची टोळी कोठीत शिरताना फक्त मुकादमानं एक बटण दाबायचं, की आख्खी टोळी आत गेली. प्रत्येक जण हातमोजे काढून कार्ड लावत बसला तर दार उघडं राहून थंडी पळते, म्हणून. बाहेर येताना मात्र एकेकानं कार्ड लावायचं. दार लावण्याआधी कुलूपमामांनी दुसरं बटण दाबायचं. यंत्रातून चिठ्ठी यायची. कुणी आत असेल तर त्याचं नाव, नसेल तर "आत कोणी नाही, दार लावण्यास हरकत नाही." कुणी कार्ड लावायला विसरून बाहेर आला, तर त्याचंही नाव यायचं आणि मग त्याच्या नावानं बोंब व्हायची. जेवायच्या सुट्टीआधी ही बोंब रोज ऐकू यायची. संध्याकाळी सगळं चिडीचूप.

साहेबांनी सांगून टाकलं होतं, की सोमवारी फळा उतरवायचा. आणि बुधवारी दुपारी चार नंबरची कोठी भरणार होती. भरली की दार, आणि दारामागोमाग प्राणवायू बंद. जाऊबाईंनी हे मोजलं तो दिवस गुरुवार होता.

"साहेबांना सांगा ना," मी म्हटलं.

"काय सांगू? की माणसं दुपारी विसरत नाहीत म्हणून मला काळजी वाटते? साहेब म्हणतील, बाई, फळा जातोय म्हणून तुमच्या पोटात दुखतंय." त्यांनी फळ्याकडे बघितलं. "आणि खरंच तेवढंच असेल तर? आधी मलाच बघू दे."

त्या दुपारी जाऊबाई वरच्या मजल्यावर जावयाच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले, कोटांचा हिशोब द्यायचा आहे असं सांगून. कसला हिशोब, कोट मोजायला मला बोलावतंय कोण. पण मग तुम्हाला हे सांगणार कोण होतं?

जावईबापू खुर्चीतून उठले. "आई, तुम्ही कशाला चढलात? मला हाक मारायची."

"तुमचं यंत्र विचार कसा करतं ते बघायला आले."

पोरगा असा खुलला, की सासूनं पहिल्यांदाच नोकरीबद्दल विचारलं असावं. "सोपं आहे, आई. संच म्हणतात त्याला. आपण पिशवी म्हणू. नावांची पिशवी. एकच नाव दहादा टाका, आत एकदाच राहतं. त्यात पुढचा कोण, मागचा कोण, असं नसतं. फक्त आहे की नाही, एवढंच. काही पिशव्या एकदा शिवल्या की शिवल्या, बदलत नाहीत. ही बदलणारी. हवं तेव्हा टाका, हवं तेव्हा काढा."

"आणि जे पिशवीत नाहीच ते काढायला गेलं तर?"

जावयानं मान वर केली. "हे मला कुणीच विचारलं नव्हतं. काढायचे दोन प्रकार आहेत. एक तक्रार करतो, हे नाव इथं नाहीच म्हणतो आणि काम अडवतो. दुसरा चूप राहतो. असेल तर काढतो, नसेल तर सोडून देतो."

"तुम्ही कुठला ठेवलाय?"

"चूप राहणारा. कुणी दोनदा कार्ड लावलं आणि यंत्र अडून बसलं, तर दारात गर्दी होईल ना."

"हं," जाऊबाई म्हणाल्या. "तोंडात मिठाची गुळणी धरून बसणाऱ्याची मला जरा भीतीच वाटते."

"अहो आई, ते यंत्र आहे, सासू थोडीच आहे," जावईबापू बोलून गेले, आणि मग कानापर्यंत लाल झाले. जाऊबाई मात्र मनापासून हसल्या. माझ्या विनोदाला हसल्या नव्हत्या, हे मी लक्षात ठेवलं.

खाली येताना मी विचारलं, "उत्तर मिळालं?"

"अर्धं. सकाळी पिशवी बोलते, दुपारी गप्प बसते. का बसते ते बटण दाबल्याशिवाय कळायचं नाही. कोठीत माणसं असताना, दुपारी."

आता बटणाशेजारी स्टुलावर कुलूपमामा बसलेले. त्यांच्याशिवाय कुणी बटणाला हात लावायचा नाही, आणि मामा म्हणजे नियमाचे पक्के. जेवायलासुद्धा स्टूल सोबत न्यायचे. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"धाकटे, तू एरवी दिवसभर थापा मारतेस. उद्या एकदा कामासाठी मार."

"मी थापा मारत नाही," मी म्हटलं. "किती वेळ हव्यात?"

शुक्रवारी दुपारी दीड वाजता टोळी चार नंबरमध्ये शिरली. मुकादमानं बटण दाबलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. दोन वाजता मी मामांकडे गेले आणि हळूच म्हटलं, "मामा, तुमच्या जुन्या कोटात बिऱ्हाड आलंय."

"कसलं बिऱ्हाड?"

"उंदरीण. कोटाला सहा खिसे, तिला सहा पिल्लं. एकेका खिशात एकेक झोपवलंय, आणि थंडी लागू नये म्हणून वरून खिशांची बटणं लावलीत."

"उंदरीण बटणं लावते?"

"दातानं लावते. पाच लागली. सहावं तुटलंय, त्या खिशाच्या तोंडावर ती स्वतः बसून आहे. मी तुम्हाला मागेच म्हटलं होतं, बटण शिवून देते. तुम्ही ऐकलं नाहीत, आता त्या माउलीला उठता येत नाही."

मामा उठले. स्टूल घेऊन उठले, पण उठले. कोटांच्या खोलीत मी त्यांना एकेक खिसा दाखवायला लागले. पहिल्या खिशात पिल्लू का नाही, तर ते फिरायला गेलंय. दुसऱ्यातलं त्याला शोधायला गेलंय. चौथ्या खिशाला मामांना संशय आला, तोवर दाराशी जाऊबाई दिसल्या.

मामा पुटपुटत जागेवर गेले. जाऊबाईंनी माझ्या हातात चिठ्ठी दिली.

"वाच."

मी वाचलं. कोठी चार. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. आत कोणी नाही. दार लावण्यास हरकत नाही.

आणि त्याच वेळी चार नंबरच्या दारातून शिट्टीची शिट्टी ऐकू येत होती. सूर लावायची त्याची ती नेहमीची खोड, दर तिसऱ्या सुराला चुकणारी. मागे पेट्या सरकवल्याचा आवाज. लांब्या कुणाला तरी "अरे वर धर, वर" म्हणत होता. माझ्या पाचावर धारण बसली. मी पुन्हा चिठ्ठी वाचली. अक्षरं तीच होती.

"मामांना सांगू? पळत जाऊन साहेबांना सांगते," मी म्हटलं.

"आजचं दार फळ्यावरच लागणार आहे, मी इथे उभी आहे. सोमवारपर्यंत फळा आहे." जाऊबाईंनी चिठ्ठीची घडी घातली. "आधी ज्याचं आहे त्याला सांगायचं."

"आणि त्यांनी मानलं नाही तर?"

"तर साहेब. तेव्हा मग जावई बघणार नाही आणि लेक बघणार नाही. आठ माणसं आहेत आत." जरा वेळानं त्या म्हणाल्या, "पण त्याला आपणहून दिसलं तर बरं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चारचौघांत तोंडघशी पाडायचं, आणि मग लेकीच्या घरी जाऊन पाणी कुठल्या तोंडानं प्यायचं? तुझ्याकडे कोटाची सुटी बटणं आहेत ना? आठ दे. आणि तुझा जेवणाचा डबा दे, रिकामा."

पाचच्या घंटेनंतर आम्ही दोघी पुन्हा वर गेलो. खिडकीतून पिवळं ऊन टेबलावर आलं होतं. जावईबापू निघायच्या तयारीत होते.

"पाच मिनिटं बसा," जाऊबाई म्हणाल्या. "काल सांगितलंत ते घरी जाईपर्यंत विसरले. मी जुनी बाई, हातात धरल्याशिवाय मला कळत नाही. ही आठ बटणं म्हणजे टोळी. हा डबा."

जावई बसले. सासूला शिकवायचं म्हणजे कुठल्याही जावयाला नको असं होत नाही. त्यांनी बटणं डब्यात टाकली, एका कागदाच्या तुकड्यावर "टोळी" लिहिलं आणि डब्याला चिकटवलं.

"सकाळी वरून नावं येतात ती या डब्यात. बरोबर?"

"बरोबर. मग मुकादम बटण दाबतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"तेव्हा मी म्हणतो, आत म्हणजे टोळी." त्यांनी दुसऱ्या तुकड्यावर "आत" लिहिलं आणि सवयीनं, मुळीच विचार न करता, त्याच डब्याला दुसऱ्या बाजूनं चिकटवलं. "झालं. आठ जण आत गेले."

मी काहीतरी बोलणार होते. जाऊबाईंनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. माझ्या अंगठ्याचं नख तेव्हापासून वाकडं आहे, हवं तर दाखवते.

"आता जेवायची सुट्टी झाली," जाऊबाई म्हणाल्या. "एकेक जण बाहेर येऊन कार्ड लावतो. काढते हं." त्यांनी एकेक बटण डब्यातून काढून टेबलावर ठेवलं. आठही. सावकाश. "आता आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"आणि टोळीत?"

"टोळीत आठ..." जावईबापूंचं बोट डब्याकडे गेलं आणि तिथेच थांबलं.

जाऊबाईंनी पुढचं विचारलं नाही. त्या खिडकीबाहेर बघत बसल्या, जणू तिथं काही फार मोलाचं चाललं होतं. जावईबापूंनी डबा उचलून फिरवला. एका बाजूला टोळी, दुसऱ्या बाजूला आत. मग डब्यात डोकावून बघितलं, आडात बघावं तसं.

"दुपारी मुकादम पुन्हा बटण दाबतो," ते स्वतःशीच बोलायला लागले. "तेव्हा मी पुन्हा म्हणतो, आत म्हणजे टोळी. आणि टोळी रिकामी. दुपारी बाहेर येणारे कार्ड लावतात, त्यांची नावं पिशवीत नसतातच. पण काढणारा चूप राहतो. म्हणून कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी नावं येतात, म्हणून सकाळी सगळं बरोबर." त्यांनी डबा खाली ठेवला. "मी तपासायला सकाळीच यायचो, आई. दुपारी दुसरीकडे काम असायचं."

"मला वाटलंच, जेवल्यावर माणसं शहाणी होत नसतात," जाऊबाई म्हणाल्या.

"दुपारी कधी यंत्राला विचारलं असतं... आत माणसं असताना..."

तेव्हा जाऊबाईंनी घडी उलगडून चिठ्ठी टेबलावर ठेवली.

त्यांनी वाचली. बराच वेळ वाचली, तीन ओळींची चिठ्ठी. "दोन दहाला आत किती जण होते?"

"आठ. शिट्टी शीळ घालत होता."

त्या पोराचा चेहरा मी विसरले नाही. मला थापाडी म्हणतात, पण तो चेहरा मला कधी रंगवून सांगता आला नाही.

"आई, मी..."

"दुसरा डबा लागेल," जाऊबाई मध्येच म्हणाल्या. "माझा आहे. आणू?"

"नको. एक शब्द लागतो. नक्कल करून घे, एवढं सांगितलं की यंत्र दुसरी पिशवी घेतं." त्यांनी "आत" लिहिलेला तुकडा डब्यावरून सोलून काढला. "एकच शब्द."

"मग घाला. आणि तो चूप राहणारा?"

"त्यालाही हाकलतो. अडू दे दारात."

"अडू दे," जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बटणं एकेक करून डब्यात भरली, झाकण लावलं आणि डबा मला परत दिला. शनिवारी सबंध दिवस ते दोघं चार नंबरच्या दाराशी होते. सकाळी बटण, दुपारी बटण, माणसं आत असताना, अर्धी बाहेर असताना. जावई दाबायचे आणि जाऊबाई फळ्यावरचे बिल्ले वाचायच्या. चिठ्ठी आणि फळा, दोन्ही एकच बोलायला लागले.

सोमवारी सकाळी साहेबांनी सगळ्यांना आवारात बोलावलं. यंत्राचं कौतुक केलं आणि जावईबापूंना पुढे यायला सांगितलं. जावईबापू पुढे आले आणि म्हणाले, "माझ्या कामात चूक होती. ती राहिली असती तर बुधवारी काय झालं असतं ते मला बोलवत नाही. ती या बाईंनी पकडली. टाळ्या वाजवायच्या तर यांच्यासाठी वाजवा." आणि अशा टाळ्या वाजल्या, की कोठाराच्या छपरावरची सगळी कबुतरं एकदम उडाली आणि पाऊण तास खाली उतरली नाहीत. नंतर फळा उतरवला. सुतारानं खिळे काढले, दोघांनी फळा धरून मागच्या खोलीत नेला. जाऊबाईंना माझ्याबरोबर कोटांवर घेतलं.

बुधवारी दुपारी चार नंबर भरली. कुलूपमामांनी सवयीनं मान वळवली, तिथं भिंत होती. मग त्यांनी बटण दाबलं. चिठ्ठी आली. एक नाव होतं. आवारात धावाधाव झाली, मुकादम ओरडत कोठीत शिरला, दोघं जण पेट्यांच्या मागे बघायला लागले. शिट्टी मागच्या ओट्यावर बसून चहा पीत होता. कार्ड लावायला विसरला होता.

सगळे त्याला शिव्या घालत होते. जाऊबाईंनी मात्र कोट खाली ठेवला आणि इतक्या समाधानानं माझ्याकडे बघितलं, की मला वाटलं यांना नात झाली.

"विसरला एकदाचा," त्या म्हणाल्या. "दुपारी विसरला."

त्यानंतर दोन वर्षं त्या कोटांवर होत्या. सांगितलेलं काम नीट केलं. पण किडा काही गेला नाही. लेक-जावई घरी आले की जेवण व्हायच्या आत एखादा प्रश्न तयार असायचा. एकदा त्यांनी विचारलं, "पिशवीत दुसरी पिशवी ठेवता येते का हो?"

"न बदलणारी असेल तर येते. बदलणारी नाही ठेवता येत," जावई म्हणाले. "ती आत गेल्यावर बदलली, तर मोठ्या पिशवीनं तिला ओळखायचं कसं?"

"बरोबर आहे मोठीचं," जाऊबाई म्हणाल्या, आणि लेकीकडे बघून, "ही बघ, लग्नानंतर किती बदललीय, मी ओळखते की नाही?"

"आई, तू यंत्र नाहीस," लेक म्हणाली.

"तेच तर म्हणतेय."

तर झाली गोष्ट. शिंक खरी, उंदरीण मामांना खरी वाटली म्हणजे खरीच, अंगठ्याचं नख तर अजून वाकडं आहे. पण कवळीची शपथ घातलीय आणि मला अजून चावून खायचंय, म्हणून एक कबूल करते. सोमवारचं जावयाचं बोलणं मी पदरचं घातलं.

जावईबापू पुढे आले होते, हे खरं. साहेब म्हणाले, "यांनी शनिवारी सुट्टी न घेता आणखी एक खबरदारी घेतली." जावयानं बोलायला तोंड उघडलं आणि गर्दीत सासूकडे बघितलं. जाऊबाईंनी मान हलवली. एवढीशी, नाकावरची माशी उडवावी तशी. पोरानं तोंड मिटलं आणि खाली बघितलं. मग टाळ्या वाजल्या, त्याच्यासाठी. सगळ्यांच्या वाजवून झाल्या तरी जाऊबाई वाजवतच होत्या. आम्ही नुकतेच कोठीतून आलो होतो आणि त्यांच्या हातात ते जाड मोजे होते, त्यामुळे आवाज काही होत नव्हता.